उरलेले साठत नाही

मिळकत बेताची असली म्हणजे शिल्लक पडत नाही, ही समजूत आपल्या गावांत इतकी खोल रुजली आहे की, तिच्याविरुद्ध बोलणारा मनुष्य एक तर श्रीमंताघरचा असावा किंवा त्याला संसार नसावा, असेच लोकांस वाटते. आम्हांस संसार नाही, हे उघडच आहे, आणि म्हणूनच या विषयावर आम्ही तोंड उघडले की, "फादर, उरतच नाही तर साठवायचं काय?" हा प्रश्न तत्काळ पुढे येतो. प्रश्न करणाऱ्याचा आम्हांस राग येत नाही. बेळगाव-खानापूरकडच्या खेड्यांतून धर्मसेवा करीत असता चुलीवर काय शिजते आणि काय शिजत नाही, हे आम्ही पाहिले आहे. ज्या घरात दोन वेळचे अन्न हीच चिंता, त्या घरास काटकसरीचा उपदेश करणे हे पाप नसले तरी निर्दयपणा खास आहे. तेव्हा हा लेख त्या घरासाठी नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

हा लेख त्या पुष्कळ घरांसाठी आहे, जेथे पैसा येतो, पण थांबत नाही. एकाच गल्लीत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंस राहणारी दोन कुटुंबे आमच्या पाहण्यात आहेत. दोन्हींकडे मिळविणारा हात एकच, मजुरी सारखीच, मुलेही तेवढीच. एका घरात जून महिन्यात शाळेची फी वेळेवर भरली जाते. दुसऱ्या घरातला बाप त्याच महिन्यात सावकाराच्या पायरीवर बसलेला असतो. पहिला कंजूष आहे असे नाही, आणि दुसरा व्यसनी आहे असेही नाही. दोघेही रविवारी एकाच बाकावर गुडघे टेकतात. मग फरक कोठे पडतो? पुष्कळ विचारान्ती आमची खात्री झाली आहे की, फरक मिळकतीत नाही, क्रमात आहे. एक मनुष्य आधी बाजूला ठेवतो आणि राहिलेले खर्च करतो. दुसरा आधी खर्च करतो आणि राहिलेले साठवू म्हणतो. उरलेले कधी साठत नाही, वाचकहो. कारण ते उरतच नाही.

उदाहरणाशिवाय उपदेश कोरडा होतो, म्हणून आमच्या परिचयाच्या एका गवंड्याची हकीकत सांगतो. त्यांची अनुमती घेतली आहे. नावाचे आपणांस प्रयोजन नाही. हातात कसब असलेला हा मनुष्य. रोज आठशे रुपये मजुरी. आठवड्यास सहा दिवस काम. शनिवारी संध्याकाळी चार हजार आठशे रुपये हाती येतात. म्हणजे महिन्याचे सुमारे एकोणीस हजार झाले. पण हे वर्षाचे आठ महिने. मृग लागला, पावसाची झड सुरू झाली की, बाहेरचे बांधकाम थांबते. मग सप्टेंबरपर्यंत आठवड्यास एखादा दिवस काम मिळाले तर मिळाले. दारूला हा मनुष्य शिवत नाही, पत्ते खेळत नाही. तरीही दरवर्षी जून-जुलैमध्ये पंधरा हजार रुपये शेकडा तीनच्या व्याजाने काढावयाचे आणि नाताळापर्यंत फेडावयाचे, हा त्यांचा नेम झाला होता.

शेकडा तीन हे महिन्याचे व्याज असते, हे ध्यानात घ्यावे. वर्षाचे छत्तीस झाले. पंधरा हजारांवर महिन्यास साडेचारशे, सहा महिन्यांस दोन हजार सातशे. म्हणजे तीन दिवसांहून अधिक मजुरी कोणाच्या भिंतीत न जाता सावकाराच्या पेटीत जाते.

एकदा पावसाळ्यात हे गृहस्थ आमच्याकडे आले ते पैसे मागावयास नव्हे, तर थोरल्या मुलाचे नाव आय.टी.आय.च्या यादीत लागले आहे आणि प्रवेशाचे पैसे भरावयास तीन दिवस राहिले आहेत, हे सांगावयास. त्या वर्षी सावकारही अडून बसला होता, कारण मागील बाकी फिटलेली नव्हती. त्यांनी इकडेतिकडे हात पसरले; आमच्या हाती होते तेवढे आम्ही दिले; परंतु रक्कम पुरी झाली ती मुदत टळल्यावर. जागा दुसऱ्यास गेली. तो मुलगा पुढच्याच सोमवारी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत हेल्पर म्हणून लागला आणि आजही तेथेच आहे. त्याने बापास एका शब्दाने दोष दिला नाही. बापाला तेच अधिक लागले.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही त्यांना कागद-पेन्सिल घेऊन बसविले. शिव्याशाप नाहीत, प्रवचन नाही. फक्त गेल्या महिन्यात काय काय घेतले ते आठवून सांगावयाचे. कामावर चहा, भजी, तंबाखू, सोबतच्या पोरांना पाजलेला चहा, असे दिवसास साठ रुपये. चोवीस दिवसांचे एक हजार चारशे चाळीस. आणि शनिवारी पगार घेऊन बाजारातून घरी येताना मिठाई, पोरांना खेळणे, कोणी मित्र भेटला तर त्याच्यासह हॉटेलात बसणे, पत्नीने न मागितलेली साडी, स्वतःस न लागणारा सदरा. दर शनिवारी सरासरी पाचशे. महिन्याचे दोन हजार. दोन्ही मिळून तीन हजार चारशे चाळीस झाले. आठ महिन्यांचे सत्तावीस हजार पाचशे वीस.

ते आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. पंधरा हजारांसाठी ज्यांनी पायरी झिजविली, त्यांच्याच हातून त्याच वर्षी सत्तावीस हजार निघून गेले होते. आणि त्या सत्तावीस हजारांची एकही वस्तू घरात दाखविता येत नव्हती.

"असं का होतं?" आम्ही विचारले.

ते म्हणाले, "फादर, खरं सांगू का? ल्हानपणी फेस्ताला आमी दुकानासमोर नुसतं उभं राहायचो. हातात चार आणे बी नसायचे. आता पैसा हातात आला की ते पोरगं आठवतं बघा. मग हात थांबत नाही."

हे उत्तर आम्ही जपून ठेवले आहे. खर्चिक स्वभावास आपण सर्रास उधळेपणा म्हणतो, चैन म्हणतो. पण पुष्कळांच्या उधळेपणाच्या मुळाशी जुनी उपासमार असते. लहानपणी ज्याचा हात रिकामा राहिला, तो मोठेपणी हात भरलेला असता तो मिटून ठेवू शकत नाही. त्याला पोरांच्या तोंडावरचा आनंद आजच पाहावयाचा असतो, कारण उद्याचा भरवसा त्याने कधी अनुभवलेलाच नसतो. अशा मनुष्यास रागे भरून काही होत नाही. दोष हृदयाचा नव्हे, सवयीचा आहे. आणि सवय मोडावयाची ती नुसत्या निश्चयाने मोडत नाही, व्यवस्थेने मोडते.

ही गोष्ट आपल्या भागातील शहाण्या माणसांनी फार पूर्वी ओळखली होती. सन १९२५ मध्ये उडुपी येथे डॉ. टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी बँक काढली, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्ध झाली आणि २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, तिने १९२८ मध्ये 'पिग्मी' ठेव सुरू केली. बँकेचा मनुष्य दररोज दारी येऊन दोन आण्यांसारखी किरकोळ रक्कमही नेत असे. बँक गाठण्याचा संकोच असलेल्या विणकराच्या आणि छोट्या दुकानदाराच्या दारी बँकच चालत आली. आज बेळगाव-कोल्हापूरकडे 'पिग्मी' हा शब्द इतका आपलासा झाला आहे की तो परका वाटतच नाही. या योजनेतील मर्म व्याजात नाही. व्याज तर बेताचेच. मर्म यात आहे की, मनुष्य दुर्बळ आहे हे तिने मान्य केले, आणि त्याचा पैसा त्याच्या मोहाच्या आधी उचलून नेला.

आणखी जवळची उदाहरणे द्यावयाची तर सहकाराची देता येतील. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि १९०५ मध्ये आजच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ या खेड्यात सिद्दनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची पतसंस्था उभी राहिली. आपल्या ख्रिस्तसभेचे धर्मगुरूही या कामात मागे राहिले नाहीत. छोटानागपूरच्या मुंडा आदिवासींमध्ये काम करणारे येशूसंघीय फादर जॉन हॉफमन यांनी पाहिले की, सावकाराच्या कर्जापायी लोकांच्या जमिनी जात आहेत. त्यांनी १९०९ मध्ये रांची येथे कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापिली, आणि गावोगावी धान्यकोठारे काढविली. सुगीत धान्य टाकावे, अडचणीच्या महिन्यांत उचलावे, अशी ती रीत. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना हा देश सोडावा लागला. संस्था मात्र त्यांच्या मागे चालत राहिली. वसईत १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी बॅसीन कॅथॉलिक सहकारी संस्था काढली; तिची आज मोठी बँक झाली आहे. वेदीवर मिस्सा अर्पिणाऱ्या हातांनी हिशेबाची वही का उचलली? कारण कर्जात बुडालेल्या मनुष्याचे मन प्रार्थनेतही सावकाराच्या पायरीवरच असते, हे त्यांनी जाणले होते.

येथे एखादा सश्रद्ध वाचक विचारील की, प्रभू येशूने तर आकाशातील पाखरांचा दाखला देऊन उद्याची चिंता करू नका असे शिकविले. आणि कोठारे वाढविणाऱ्या श्रीमंतास मूर्ख ठरविले. मग साठविणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे काय? प्रश्न योग्य आहे. पण दाखला नीट पाहावा. त्या श्रीमंताचा दोष कोठार बांधण्यात नव्हता; ते भरल्यावर त्याला स्वतःशिवाय दुसरे कोणी आठवले नाही, यात होता. प्रभूने ज्याची निंदा केली ती चिंतेची, तरतुदीची नव्हे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज करणारा मनुष्य त्यानेच संत लूकच्या शुभवर्तमानात आपल्यापुढे उभा केला आहे. आणि प्रभूच्या शिष्यमंडळीतही एक सामाईक थैली होती, असे संत योहान सांगतो. तिच्यातून सणाला लागणारे जिन्नस घेत, आणि गोरगरिबांस देत. थैली असणे हा दोष नव्हता. ती यहूदाच्या हाती होती, हा होता.

पण आमच्या गवंड्यास जो दाखला पटला तो जुन्या करारातला. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घातला, आणि दुष्काळाच्या सात वर्षांत देश जगविला. आम्ही त्यांस म्हटले, "योसेफाला सात वर्षे सुकाळ आणि सात वर्षे दुष्काळ होता. तुम्हांला दरवर्षी आठ महिने सुकाळ आणि चार महिने दुष्काळ आहे. आणि योसेफाला दुष्काळ येणार हे स्वप्नावरून कळले. तुम्हांला तर पंचांगच सांगते." ते हसले. पण त्या हसण्यातून काम झाले.

ठरले ते असे. पाचवा हिस्सा नको, सहावा पुरे. म्हणजे आठवड्यातील एका दिवसाची मजुरी. सोमवारची मजुरी पावसाळ्याची, असे त्यांनी स्वतःच नाव दिले. शनिवारी पगार झाला की, बाजारात जाण्याच्या आधी घरी यावयाचे, आठशे रुपये पत्नीच्या हाती द्यावयाचे, आणि तिने ते संध्याकाळी दारी येणाऱ्या पिग्मीवाल्याकडे तिच्या स्वतःच्या नावावर भरावयाचे. आणि त्याच वेळी तीनशे रुपये त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवावयाचे, ज्यांचा हिशेब कोणी विचारणार नाही. मित्राला चहा पाजा, पोरांना जिलबी आणा. तीनशे संपले की संपले. हे शेवटचे कलम आम्ही आग्रहाने घातले. ज्या काटकसरीत एक खिडकीही उघडी नसते, ती चार आठवड्यांत गुदमरून मरते.

पहिल्याच वर्षी सगळे सुरळीत झाले, असे सांगितले तर ते खरे होणार नाही. जानेवारीत फेस्त आला. पाहुणे आले, मटण आले, नवे कपडे आले. चार आठवडे भरणा झाला नाही, शिवाय सात हजार रुपये मुदतीआधी काढले आणि बँकेने त्यावर वटाव कापला. पत्नी आमच्याकडे येऊन रडली. "ह्यांचं काय होणार नाही, फादर," असे ती म्हणाली. आम्ही तिला वही उघडून दाखविली. हिशेबाप्रमाणे चौतीस आठवड्यांचे सत्तावीस हजार व्हावयास हवे होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सतरा हजार होते. दहा हजार गेले, हे खरे. पण तिच्या लग्नानंतर सतरा हजार रुपये हाती असता पाऊस सुरू होण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या वर्षी ते सावकाराकडे गेले नाहीत.

दुसऱ्या वर्षी त्यांनी फेस्तासाठी निराळा डबा केला. आठवड्यास शंभर रुपये त्यात. फेस्त आला तो त्या डब्यात बसला. डब्याबाहेरचा पाहुणचार चहावर भागविला. लोक बोलले काय? बोलले. एक महिना बोलले, मग विसरले. तिसऱ्या वर्षी धाकट्या मुलीस नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली. पैसे भरावयास आठ दिवसांची मुदत होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पहिला हप्ता भरला. पुढच्या हप्त्यांसाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्यावे लागले, ते अजून डोक्यावर आहे. थोरला भाऊ फाउंड्रीतून आपल्या पगारातील वाटा बहिणीसाठी देतो. जी जागा त्याच्या हातून गेली ती काही परत आली नाही, आणि बाप ते विसरलेला नाही. काही गोष्टी साठवलेल्या पैशांनीही विकत मिळत नाहीत. म्हणूनच वेळ असता साठवावयाचे असते.

आता सर्वसाधारण अशा काही गोष्टी सांगतो, ज्या कोणत्याही घरास लागू पडाव्या.

पहिली गोष्ट डोळ्यांची. पूर्वी नोट मोडावी लागे. मोडताना मनास क्षणभर टोचत असे. २०१६ पासून फोनवरून पैसे देण्याची सोय झाली; सोय उत्तम, पण ते टोचणे नाहीसे झाले. पैसा जातो तो दिसत नाही. म्हणून ज्याचा हात सैल आहे, त्याने आठवड्याच्या खर्चाचे पैसे रोख काढून घ्यावेत, आणि ज्या खात्यात बचत आहे ते फोनला जोडूच नये. आम्हांस धर्मगुरूंच्या शिक्षणात संत इग्नेशियस यांची एक रीत शिकविली होती. जो दोष घालवावयाचा, त्याच्यासाठी आठवड्याच्या दिवसांच्या रेघा आखावयाच्या, आणि दोष घडला की त्या रेघेवर खूण करावयाची. कालच्या खुणांशी आजच्या ताडून पाहावयाच्या. ही आध्यात्मिक रीत पैशासही जशीच्या तशी लागू पडते. रात्री रोझरी झाली की वहीत त्या दिवसाच्या अनावश्यक खर्चाला एकेक टिंब द्यावे. रकमा लिहिण्याचा कंटाळा आला तरी चालेल, टिंबे पुरेत. चौथ्या आठवड्यात टिंबे आपोआप विरळ होतात, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

दुसरी गोष्ट जागेची. शिल्लक घरात ठेवू नये. तांदळाच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत नोटा दडविणाऱ्या आपल्या माताभगिनींचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा ते गुपित धन घाईघाईने बाहेर काढताना त्यांची काय तारांबळ झाली, हे आपणांस आठवत असेल. बाईच्या नावाचे खाते असावे, उघड असावे, आणि नवऱ्यास ते ठाऊक असावे. पोस्टात महिन्यास शंभर रुपयांपासून पाच वर्षांची आवर्ती ठेव ठेवता येते. शंभर रुपये म्हणजे दिवसास साडेतीन रुपयेही नव्हेत. पाच वर्षांत स्वतःचे सहा हजार भरले जातात, आणि वर व्याज मिळते. मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल तर २०१५ मध्ये निघालेली सुकन्या समृद्धी योजना पोस्टातच आहे. व्याजाचे दर सरकार दर तीन महिन्यांनी ठरविते. ते पोस्टमास्तरांस विचारून घ्यावेत.

अधिक व्याजाच्या लोभाने मात्र कोठेही पैसा टाकू नये. बँकेतील ठेवीस, मग ती सहकारी बँक असली तरी, २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास एका बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. पतसंस्था वाईट असतात असे नव्हे. पण जेथे चालक ओळखीचे नाहीत आणि व्याज इतरांहून फार चढे आहे, तेथे आयुष्याची पुंजी ठेवू नये.

तिसरी गोष्ट कर्जाची. गटाने मिळून घेतलेली छोटी कर्जे आपल्या बायकांच्या गळ्यास कशी फास होऊन बसली, हे बेळगाव जिल्ह्यात कोणास सांगावयास नको. वसुलीच्या जाचास आळा घालण्यासाठी कर्नाटक सरकारला २०२५ मध्ये कायदा करावा लागला. कायद्याने दारातील आरडाओरड थांबेल. घेतलेले कर्ज फिटणार नाही. एक फेडावयास दुसरे घेऊ नये, आणि सण, बारसे, फोन यांसाठी तर मुळीच घेऊ नये. शेकडा तीनचे देणे असता पोस्टात पैसे साठविणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. थोडी शिल्लक अडीअडचणीस ठेवून आधी ते देणे बुजवावे. ज्या बहिणींना २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्यास दोन हजार मिळतात, त्यांनी त्यांतील पाचशे तरी प्रथम बाजूला काढावेत. सरकारी पैसा आज येतो, उद्या लांबतो. त्यावर घराचा पाया घालू नये, पण त्यातून एक वीट अवश्य काढून ठेवावी.

चौथी गोष्ट मृत्यूची. परांचीवर चढणाऱ्या, विजेच्या तारा जोडणाऱ्या, गाडी हाकणाऱ्या बापांनी बँकेत जाऊन अपघात विम्याचा अर्ज भरावा. वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यूस दोन लाखांचा विमा मिळतो. आणि पन्नाशीच्या आतील मनुष्यास चारशे छत्तीस रुपयांत कोणत्याही मृत्यूस दोन लाखांचा. हे दर २०२२ पासूनचे आहेत. ज्यांच्या घरी बापाची शवपेटी उसन्या पैशांनी आली, अशा घरांत आम्ही उभे राहिलो आहोत. तेथे सांत्वनाचे शब्द तोंडातून निघत नाहीत.

शेवटची गोष्ट आपल्या सर्वांची. मनुष्य एकटा खर्चिक नसतो. गाव त्याला खर्चिक करते. शेजाऱ्याने मांडव घातला म्हणून आपण घालतो. त्याने तीनशे पाने वाढली म्हणून आपण साडेतीनशे वाढतो. पवित्र विवाहाच्या संस्कारास मांडव लागत नाही. प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या बालकास भाड्याची मोटार लागत नाही. साधेपणाचा आरंभ गरिबाने केला तर त्याला दरिद्री म्हणतात; म्हणून तो आरंभ गावातील सुस्थित घरांनी करावा. ज्याला परवडते त्याने साधे लग्न केले तर दहा गरीब बापांचे कर्ज वाचते. हेही दानच आहे, आणि मोठे दान आहे.

आणि दानाचे विसरू नका. बाजूला काढलेल्या रकमेतील लहानसा वाटा, दहा रुपये का असेनात, आपल्याहून अडचणीत असलेल्याचा समजावा. विधवेने दोन दमड्या टाकल्या त्या प्रभूने पाहिल्या. ज्या हाताला देण्याची सवय राहते, त्याला साठविण्याने गाठी पडत नाहीत. उधळ्याची मूठ सदा सुटलेली, कृपणाची सदा आवळलेली. वेळेवर मिटते आणि वेळेवर उघडते, ती ख्रिस्ती मनुष्याची मूठ.

मृग दरवर्षी येतो. शाळेची फी त्याच्याच पाठोपाठ येते. येत्या शनिवारी पगार हाती पडेल तेव्हा बाजाराकडे वळण्याआधी घराकडे वळा, आणि एका दिवसाची मजुरी, तेवढे न जमल्यास अर्ध्या दिवसाची, घरधनिणीच्या हाती ठेवा. योसेफाच्या कोठारातही पहिल्या दिवशी एकच पोते आले असेल. परमेश्वर आपल्या कष्टांस यश देवो, आणि आपल्या घरांतील मुलांस त्यांची जागा वेळेवर मिळो.